शेवटचं विसळणं

ग्लासात बॅटरीला जोडलेल्या चांदीच्या दोन तारा उभ्या होत्या आणि पाणी पुन्हा दुधासारखं झालं होतं. परवा हेच पाणी कसं फिक्कट पिवळं, नितळ उतरलं होतं!

"आजी, तारा त्याच, बॅटऱ्या त्याच. मग रोज येगळं काऊन होऊन राह्यलं?" दिव्या रडकुंडीला आली होती.

ती एटापल्लीकडच्या शाळेत शिकवायची. तिथे पिण्याचं पाणी गाळायला मातीच्या बारा गाळण्या तयार होत्या. आतून चांदीचं पाणी फासलं, की त्यांत जंतू टिकत नाहीत. उद्या सकाळची बस होती आणि हाती अर्धा ग्लासही धड नव्हता.

कांताबाईंनी ग्लास उजेडात धरला. ऊर्जानगरची क्वार्टर सोडून अकरा वर्षं झाली, पती वामनरावांना जाऊन सहा. पण तीस वर्षं ते वीजकेंद्राच्या पाण्याची तपासणी करत आणि रात्रीच्या ताटावर त्याच गोष्टी सांगत. भात निवायचा, पण पाण्याची गोष्ट संपायची नाही. 'कांता, पाण्यात कणभर मीठ असलं ना, की चांदी लगेच दूध होते.'

"पाणी कोणतं घेतलं वं?"

"दुकानातलं, बॅटरीचं. कमी पडलं तवा फळीवरच्या बाटलीतलं घेतलं. सारखंच असते ना?"

कांताबाईंचा हात थांबला. ती बाटली वामनरावांची होती. निवृत्तीच्या दिवशी साहेबांना विचारून प्रयोगशाळेतून आणलेलं शुद्ध पाणी. वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर त्यांचं तिरपं अक्षर. एवढी वर्षं कांताबाईंनी बूच उघडलं नव्हतं. आता तळाशी चार बोटं पाणी होतं.

"परवा कोणतं होतं?"

दिव्याने बाटलीकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "आजी... मले माहीत नोहतं."

"रडू नको. दुकानदारानं नळाचंच भरलं दिसते."

दोन ग्लास मांडले. एकात दुकानातलं पाणी, एकात बाटलीतलं दोन बोटं. तारा त्याच, वेळ तेवढाच. पहिला दुधाळला, दुसरा नितळ राहिला. कोडं सुटलं, पण उद्यासाठी पाणी कुठून आणायचं?

कांताबाई उठल्या. माहेरी आत्या मोहाची भट्टी लावायची. वाफ थंड बुडाला लागून थेंब थेंब खाली पडे, आणि परकराचा ओचा खोचून लहानपणी त्या जाळ सारत बसत. त्यांनी मोठ्या गंजात पाणी उकळत ठेवलं, मधोमध दगडावर रिकामी वाटी आणि वर थंड पाण्याची गोल बुडाची पातेली.

"आजी, दारू काढून राह्यली का तू?"

"तोंड चालवू नको, वरचं पाणी बदलव."

संध्याकाळपर्यंत तांब्याभर पाणी जमलं. दिव्या ते ग्लासात ओतणार, तोच कांताबाईंनी तिचा हात धरला.

"थांब. शेवटचं विसळणं चांगल्या पाण्यानं. तुहे आजोबा त्याबिगर भांडं ठेवूच देत नोहते."

बाटलीत दोन बोटं उरली होती. दिव्या म्हणाली, "राहू दे ना, आजी. नव्या पाण्यानंच विसळू."

"नवं मोजकं आहे. आन् हे नुसतं फळीवर बसून काय करन?"

कांताबाईंनी बूच काढलं. ग्लास, तारा, न्यायची शिशी, एकेक विसळून घेतलं. शेवटचा थेंब पडेपर्यंत बाटली उपडी धरली. मग चिठ्ठी न भिजवता बाटली पुसून फळीवर ठेवली.

दिवेलागणीला ग्लासात पिवळसर झाक आली. नितळ.

"आलं वं आजी!"

कांताबाई फळीकडे पाहत होत्या. "नव्या पाण्यातलं दोन बोटं उरव," त्या म्हणाल्या, "त्या बाटलीत भरून ठेवू."