चिठ्ठीवरचे शंभर टक्के

वर्ना स्टोकलीच्या गॅरेजमध्ये गाडीला कधीच जागा मिळाली नाही. तिथे भिंतीला लागून प्लास्टिकचे एकशेबारा खण, प्रत्येक खणात एक अजगर आणि प्रत्येक खणावर एक चिठ्ठी. बत्तीस वर्षं शाळेची बस चालवलेल्या बाईला हजेरीचं वेड असायचंच. तिचा नवरा हार्लन म्हणायचा, "लग्नाची तारीख विचारा, हिला आठवणार नाही. पण कुठल्या सापानं गेल्या मंगळवारी उंदीर नाकारला ते विचारून बघा."

त्या चिठ्ठ्यांवरच तिचं नाव चालत होतं. अंगावर पांढरेशुभ्र पट्टे असलेला कबरा अजगर आंधळ्यालाही ओळखू येईल. पण कबरेपण पोटात लपवून बसलेली मादी दिसायला चारचौघींसारखीच तपकिरी. तिच्या अंड्यातून कबरं पिल्लू बाहेर पडेपर्यंत, म्हणजे तीन वर्षं, ती खरी की खोटी याला साक्षीदार एकच: विकणारा. बाप कबरा असला की सगळी पिलं ते लपलेलं कबरेपण पोटात घेऊनच जन्मतात. तेव्हा चिठ्ठीवर 'शंभर टक्के' लिहायचं. शंका असली तर 'कदाचित'. ओक्लाहोमातल्या प्रदर्शनांत भल्याभल्यांच्या शंभराला लोक साठ धरत. वर्नाच्या शंभराला शंभरच.

सोमवारी या शंभराला तडा गेला.

तीन वर्षांपूर्वी पर्ल नावाच्या तिच्या मादीला आठ पिलं झाली होती, बाप डीकन, अस्सल कबरा. त्यातली एक मादी वर्नानं घरी ठेवली होती. यंदा तिला कबऱ्याच नराकडे दिलं, सात अंडी आली. हिशेबानं निम्मी कबरी निघायला हवीत. सातही तपकिरी निघाली.

"नशीब गं," हार्लन म्हणाला. "नाणं सातदा उडवलं, सातही वेळा छापा. होतं असं."

"शंभरात एकदासुद्धा होत नाही," वर्ना म्हणाली आणि जुनी वही काढून बसली.

डीकन दिसायला राजा, पण कामाला आळशी. महिनाभर पर्लशेजारी उशी होऊन पडून राहायचा. अशा वेळी हे धंद्यातले लोक एक युक्ती करतात: मादीजवळ दुसरा नर एक रात्र सोडायचा, सकाळी काढायचा. त्याचा वास लागला की आळशाच्या अंगात येतं. वर्नानंही तेच केलं होतं. वहीत तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: 'बक, एक रात्र. काही दिसलं नाही.' दोन दिवसांनी डीकन कामाला लागला, ते तिनं डोळ्यांनी पाहिलं आणि चिठ्ठीवर बाप म्हणून डीकन लिहिला. बक साधा तपकिरी. काही दिसलं नाही, म्हणून तो चिठ्ठीवर चढलाच नाही.

पण दिसलं नाही म्हणजे झालं नाही, असं थोडंच आहे? मादी नराचं बीज महिनोन्‌महिने पोटात सांभाळते. एकाच वेताला दोन बापही असू शकतात. हे वर्नाला तेव्हाही ठाऊक होतं. फक्त त्या आठवड्यात नव्हतं.

आठातली दोन पिलं, दोघी बहिणी, रोसेंदो किरोगाकडे गेली होती. तो फोर्ट स्मिथचा वेल्डर. त्यानं तीन वर्षं त्यांना वाढवलं, जोडीला कबरा नर घेतला. त्यातल्या थोरलीची अंडी शनिवारी कापायची होती. पंचावन्नाव्या दिवशी अंड्याला कात्रीनं खिडकी पाडतात, आत काय रंगलंय ते बघतात, आणि या अजगरवाल्यांच्या मंडळात पहिली खिडकी पाडायचा मान आई विकणाऱ्याचा. बुधवारी रोसेंदोचा फोन आला. "मिस वर्ना, कात्रीला धार लावून ठेवलीय. इमेल्दा मक्याच्या पिठाचे तमाले करतेय. न येऊन चालणार नाही."

शनिवारी सकाळी वर्नानं आपली सगळ्यात देखणी कबरी मादी उशीच्या अभ्र्यात घातली, गाठ मारली आणि मांडीवर घेऊन पिकअपमध्ये बसली.

"हिला कुठे?" हार्लननं विचारलं.

"नुकसानभरपाई."

"अगं, अजून नुकसान झालेलं नाही. लोक मेल्यावर फुलं नेतात, तू आजारपणातच घेऊन निघालीस."

सत्तर मैल वर्ना अभ्र्याची गाठ चाचपत राहिली. अभ्र्यातली मादी घाबरून चेंडू झाली होती. वर्नाला तिचा हेवा वाटला.

रोसेंदोच्या घरी पाहुणे ट्रेलरमागच्या खोलीत दाटीनं उभे होते. टेबलावर उबेच्या पेटीतून काढलेला डबा, त्यात सहा अंडी, प्रत्येकाच्या डोक्यावर पेन्सिलीचा ठिपका, उलटी होऊ नयेत म्हणून. रोसेंदोनं कात्री पुढे केली, मुठीकडून, अदबीनं.

"पहिलं तुमचं, मिस वर्ना."

वर्नानं कात्री घेतली नाही. "रोसेंदो, आधी ऐक. पर्लला मी एक रात्र दुसरा नर लावला होता. डीकनला जाग यावी म्हणून. तुला सांगितलं नाही. कारण मलाच आठवलं नाही, ते सोमवारी कळलं. तुझ्या पोरींचा बाप डीकन आहे की बक, मी शपथेवर सांगू शकत नाही. या अभ्र्यात माझी कबरी मादी आहे, भरपाई म्हणून."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "म्हणजे आता मिस वर्नाचीसुद्धा..." आणि वाक्य तिथेच गिळलं.

रोसेंदोच्या मानेवर लाली चढली. बोलली ती त्याची बायको, इमेल्दा. "तमाले थंड होतायत. आत जे आहे ते काय बोलण्यानं बदलणार आहे? कापा."

वर्नानं पहिलं अंडं कापलं. चीर वाकडी गेली. तपकिरी. दुसरं, तपकिरी. तिसरं, चौथं, तपकिरी. कुणी हसत नव्हतं. पाचव्याची साल दुमडली आणि आत ओल्या पापडासारखं काहीतरी पांढरं दिसलं. तिनं चिमट्यानं कड थोडी सारली. पांढऱ्या अंगावर मध्येच एक तपकिरी ठिगळ.

"कबरं!" रोसेंदो ओरडला. इमेल्दानं वर्नाला मिठी मारली. सहावंही कबरं निघालं. टोप्या उडाल्या, तमाले वाटले गेले, हार्लननं चार खाल्ले आणि पाचवा खिशात घातला.

वर्नानं कात्री पुसून ठेवली.

थोड्या वेळानं रोसेंदोनं तिला कोपऱ्यात नेलं. "बघितलंत ना? उगाच घाबरलात. थोरली खरी निघाली. आता तुम्ही काही बोललाच नाहीत, आम्ही काही ऐकलंच नाही. इथले सगळे आपलेच आहेत."

"थोरली खरी," वर्ना म्हणाली. "धाकटीचं काय?"

धाकटी वजनाला कमी भरली म्हणून यंदा तिची जोडी लावली नव्हती. पुढच्या आठवड्यात ती डॅलसच्या एका माणसाकडे जायची होती.

"तीही त्याच वेताची."

"त्याच वेताची माझ्याही घरी आहे. सातात शून्य."

"मिस वर्ना, तो माणूस माझ्याकडून घेत नाहीये. तुमच्या चिठ्ठीवर घेतोय." रोसेंदोनं आवाज खाली आणला. "तुम्ही आणलेली ती कबरीही परत न्या, मला नको. चिठ्ठी तेवढी राहू द्या."

हार्लन दारातून म्हणाला, "अगं, बरा सौदा आहे. साप वाचतोय." पण त्याचा चेहरा थट्टेचा नव्हता.

वर्ना धाकटीच्या खणापाशी गेली. चिठ्ठीवर तिचंच गोल अक्षर, शाळेच्या हजेरीसारखं: शंभर टक्के. तिनं पेन काढलं, त्यावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: 'कदाचित. बाप डीकन किंवा बक.' सही केली, तारीख घातली. मग अभ्र्याची गाठ सोडून कबरी मादी रोसेंदोच्या रिकाम्या खणात ठेवली.

रोसेंदोनं ना साप बघितला, ना तिला. "पुढच्या वर्षी पहिलं अंडं मीच कापीन," तो म्हणाला.

परत येताना मांडीवर रिकामा अभ्रा होता. उरलेली पाच पिलं चार घरांत गेली होती. वर्नानं वही उघडून चारही नावं बोटानं वाचली.

"उद्या कर फोन," हार्लन म्हणाला. "एक दिवसानं काय बिघडतं?"

"बक एकच रात्र होता," वर्ना म्हणाली.

पहिला नंबर कॅन्ससच्या ग्रेटा लिंडक्विस्टचा. तिसऱ्या घंटेला तिनं फोन उचलला, आणि वर्नाला तोंड उघडायलाही सवड मिळाली नाही.

"मिस वर्ना! शंभर वर्षं आयुष्य आहे बघा तुम्हाला! आत्ताच शेजारणीला तुमची चिठ्ठी दाखवत होते..."