हर्मेलिंडाबाईंचे कान

हर्मेलिंडा किन्योनेसबाईंनी मेक्सिकोच्या सीमेवरच्या तिहुआना शहरात, सरकारी शाळेत सत्तावीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आणि त्या सत्तावीस वर्षांत कुणी बोललेलं इंग्रजी त्यांना एकदाही धड कळलं नाही. लिहिलेलं कळायचं हो! जाडजूड पुस्तकं त्या एका बैठकीत संपवायच्या. मुलांच्या वहीतली चूक तर त्यांना पान उलटायच्या आधी दिसायची. पण दातांच्या दवाखान्यासाठी सीमा ओलांडून आलेला एखादा गोरा रस्त्यात पत्ता विचारायला थांबला, की बाई एकदम समोरच्या दुकानातल्या चपलांकडे टक लावून बघायला लागायच्या आणि तशाच पुढे सटकायच्या.

वर्गातही त्या इंग्रजी शिकवायच्या ते स्पॅनिशमधून. फळ्यावर इंग्रजी, तोंडात स्पॅनिश. कुणाला संशय आला नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती बाईंनी सत्तावीस वर्षं झाकून ठेवली होती.

जानेवारीत वरून फर्मान आलं. इंग्रजी शिकवणाऱ्या प्रत्येकाने उन्हाळी सुट्टीआधी वरच्या पातळीच्या इंग्रजी परीक्षेचं प्रमाणपत्र आणावं, नाहीतर तास दुसऱ्याला जातील. मुख्याध्यापक बाल्तासार ओलाचेआंना दुसरा शोधायला लांब जावंच लागणार नव्हतं. त्यांचा भाचा फाब्रिसिओ सीमेपलीकडे सॅन दिएगोत तीन वर्षं कॉलेज करून आला होता आणि मामाच्या खुर्चीमागे उभा राहून नोकरीची वाट बघत होता.

"माएस्त्रा, तुम्ही काळजीच करू नका," 'माएस्त्रा' म्हणजे बाई, अशी सगळ्यांसारखीच हाक मारत ओलाचेआ गोड हसून म्हणाले. "तुमच्यासाठी विणकामाचे तास बाजूला काढून ठेवलेत. काय हात आहे तुमचा! माझ्या बायकोला दिलेला स्वेटर अजून नव्यासारखा आहे."

"तो तुमच्या बायकोला दिला होता, तुम्हाला नाही," बाई म्हणाल्या आणि बाहेर पडल्या. घरी पोचेपर्यंत त्या स्वतःशीच पुटपुटत होत्या. विणकाम! मेल्याने आधीच काढून ठेवलेत म्हणे!

त्या रात्री त्यांनी एक सराव पेपर सोडवला. वाचनाचा भाग अर्धाच झाला आणि वेळ संपली. ऐकण्याच्या भागात तीसपैकी सात. त्यातले चार तर अंदाजाने ठोकून दिलेले.

बाईंच्या घराच्या वरच्या खोलीत विल्फ्रिडो तापिया नावाचा भाडेकरू राहायचा. आईच्या कडेवर दोन वर्षांचा असताना अमेरिकेत फ्रेझ्नोला गेला, तिथेच वाढला, आणि सत्ताविसाव्या वर्षी कागदपत्रं नाहीत म्हणून तिथल्या पोलिसांनी त्याला सीमेवरच्या पुलाच्या अलीकडे आणून सोडलं. मानेवर ग्वादालूपेच्या माउलीचं गोंदण, तोंडात मोडकंतोडकं स्पॅनिश. दिवसभर कॉल सेंटरमध्ये बसून तो अमेरिकेतल्या लोकांच्या फ्रीजची गाऱ्हाणी ऐकायचा.

दोन फेब्रुवारीला सकाळीच बाई त्याच्या दारात उभ्या राहिल्या.

"राजांच्या सणाला माझ्या घरी पाव कापला, त्यात लपवलेलं बाहुलीचं बाळ कुणाच्या तुकड्यात निघालं?"

"माझ्या," विल्फ्रिडो ओशाळून म्हणाला.

"मग रिवाजाप्रमाणे आज सगळ्यांना मक्याचे वाफवलेले तमालेस कुणी खिलवायचे?"

"मी. पण माएस्त्रा, मला साधं अंडं उकडता येत नाही. बाजारातून आणू का?"

"बाजारचे नकोत मला. त्याऐवजी मला ऐकायला शिकव."

"काय ऐकायला?"

"इंग्रजी," बाई म्हणाल्या, आणि तिथेच जिन्याच्या पायरीवर बसून त्यांनी सगळं सांगून टाकलं. फर्मान, भाचा, विणकाम, चपलांचं दुकान, सगळं. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होत्या. बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांना पाणी लागलं आणि त्याचा त्यांना भयंकर राग आला.

विल्फ्रिडो हसला नाही. "मी इथे आलो तेव्हा मला पाववाल्याचं बोलणंसुद्धा कळत नव्हतं," तो म्हणाला. "तुम्ही मला सहा महिने जेवताना स्पॅनिश बोलायला शिकवलंत. चला, लॅपटॉप कुठे ठेवू?"

स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवणी सुरू झाली. पहिल्या रेकॉर्डिंगमध्ये एक बाई आपल्या बागेबद्दल सांगत होती. अर्धं मिनिट झालं नसेल, हर्मेलिंडाबाईंनी हात वर केला.

"थांबव! ही चुकीचं बोलतेय."

"कोण?"

"ही बागवाली. वाक्य सुरू केलं एक आणि संपवलं भलतंच. माझ्या वर्गातल्या पोराने असं लिहिलं असतं तर मी उभा केला असता!" बाईंच्या हातात लाल पेन होतं. सराव पेपरच्या कोपऱ्यात त्यांनी बागवालीचं वाक्य दुरुस्त करून लिहिलंसुद्धा होतं.

विल्फ्रिडोने कपाळाला हात लावला. "माएस्त्रा, तिला नापास करायचं नाहीये. तुम्हाला पास व्हायचंय."

महिनाभर हेच चाललं. बाई एका शब्दाशी, एका चुकीशी अडायच्या, तोवर रेकॉर्डिंग चार वाक्यं पुढे गेलेलं असायचं. वाचनातही तीच तऱ्हा. "प्रत्येक शब्दाला नमस्कार करत काय जाता?" विल्फ्रिडो घड्याळ दाखवत ओरडायचा. "आधी प्रश्न बघा, मग उत्तर जिथे आहे तिथेच थांबा!" वाचनाचा वेग हळूहळू वाढला. ऐकण्याचे गुण मात्र सातावरून नऊ, नवावरून परत आठ.

एके रविवारी विल्फ्रिडोचा धीर सुटला. "अहो, एवढं सोपं आहे हे! मी डोळे मिटून तीसपैकी तीस काढतो."

"काढून दाखव."

त्याने ऐटीत पेपर सोडवला. बाईंनी तपासला. सतरा!

बाई अशा हसल्या की त्यांना टेबल धरावं लागलं. "फ्रेझ्नोत वाढलास ना रे मिहो, लेकरा? इंग्रजीचं बाळकडू प्यायलास ना?"

"पेपरच चुकीचा आहे," विल्फ्रिडो कुरकुरला.

बाईंना तपासण्याची सत्तावीस वर्षांची सवय. त्यांनी त्याची तेरा चुकीची उत्तरं उत्तरपत्रिकेशी, छापील संवादाशी ताडून पाहिली, आणि हसता हसता गप्प झाल्या. तेराच्या तेरा ठिकाणी विल्फ्रिडोने माणूस सुरुवातीला जे बोलला तेच उत्तर धरलं होतं. माणसाने पुढे आपलं बोलणं बदललं होतं आणि हा पठ्ठ्या तोवर पेन्सिल खाली ठेवून मोकळा!

"तू शेवटपर्यंत ऐकतच नाहीस," बाई म्हणाल्या.

"कसं ऐकणार? आमच्याकडे दहा सेकंदांत तक्रारीचा प्रकार नोंदवावा लागतो. उशीर झाला की साहेब डोक्यावर येऊन उभा राहतो. पाच वर्षांत एकाही गिऱ्हाइकाचं मी पुरतं ऐकलेलं नाही." मग तो जरा ओशाळला. "बिचारे."

बाई खुर्चीत मागे टेकल्या. डोळ्यांपुढे त्यांचाच वर्ग उभा राहिला. सकाळी दारात येणारी पोरं. 'माएस्त्रा, मी वही आणली होती...' एवढ्यावर विश्वास ठेवणारी मास्तरीण जन्मायची आहे! तिथे बाई कधी व्याकरण दुरुस्त करत नसत. पेन खाली ठेवायच्या, हनुवटी तळहातावर टेकवायच्या आणि पोराला बोलू द्यायच्या. वही बसमध्ये राहिली, नाही, भावाने फाडली, नाही... आणि शेवटी मान खाली घालून खरं बाहेर यायचं. रात्री घरात भांडण झालं, मी आजीकडे झोपलो, वही तिकडे नेलीच नव्हती. सत्तावीस वर्षांत या बाईला एकही पोर फसवू शकलं नव्हतं.

"अरे देवा," बाई म्हणाल्या, "मला ऐकता येतं की! मी इतकी वर्षं इंग्रजी तपासत होते. ऐकत कुठे होते?"

त्यांनी लाल पेन खिडकीबाहेर अंगणात भिरकावलं. हनुवटी हातावर टेकवली. "लाव आता त्या बागवालीला. काय सांगायचंय तिला, ते सांगू दे एकदा."

त्या दिवशी चौदा आले. इस्टरच्या सुट्टीत एकोणीस. काही शब्द अजून निसटायचे, पण बाई त्यांच्यामागे धावत नव्हत्या. पोरगं रडत बोलायला लागलं की त्याचे तरी सगळे शब्द कुठे कळतात? विल्फ्रिडो स्वतः शेजारी बसून पेपर सोडवायला लागला, आणि घाईने पेन्सिल टेकवली की बाई त्याच्या हातावर चमचा मारायच्या.

मे महिन्यातल्या एका शनिवारी परीक्षा झाली. हॉलमध्ये सगळी सतरा-अठराची पोरं. नोकरीसाठी प्रमाणपत्र फाब्रिसिओलाही हवं होतं, तो दुसऱ्या रांगेत पाय पसरून बसला होता.

"अरे वा, माएस्त्रा! पर्यवेक्षक म्हणून आलात वाटतं?"

"नाही रे बाळा, तुझ्या मागच्या बाकावर बसायला आले."

वाचनाचा पेपर बाईंनी चार मिनिटं राखून संपवला आणि मनातल्या मनात विल्फ्रिडोला आशीर्वाद दिला. मग ऐकण्याचा भाग. पहिल्याच आवाजाला त्यांचा हात लाल पेन शोधायला लागला. शब्द नुसते अंगावरून वाहत गेले, दोन प्रश्न हातचे गेले. विणकामाचे तास डोळ्यांसमोर नाचायला लागले. झालं, संपलं, असं त्यांना वाटलं. त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, हनुवटी तळहातावर टेकवली आणि दीर्घ श्वास घेतला.

पुढच्या रेकॉर्डिंगमधला माणूस जनावरांचा डॉक्टर होता, ते काम सोडून आता पाव भाजत होता. का सोडलं, असा प्रश्न होता. रात्री-अपरात्री येणाऱ्या बोलावण्यांचा कंटाळा आला, तो म्हणाला. झरझर सगळ्या पेन्सिली चालल्याचा आवाज आला. फाब्रिसिओने तर खूण करून मान मागे टाकली. बाई हलल्या नाहीत. बोल रे बाळा, त्या मनात म्हणाल्या, खरं काय ते सांग. माणूस हसला, अडखळला, कुठल्याशा गावाबद्दल काहीतरी बोलला. मग त्याचा आवाज खाली आला. बाप गेला होता. बापाची भट्टी विझली असती, आणि ते त्याला बघवलं नसतं.

बाईंना कळलं. शब्द कळले, आणि माणूसही कळला. परक्या भाषेतला, कुठल्या कुठे राहणारा माणूस सरळ त्यांच्याशी बोलत होता. डोळे भरून आले तरी पेन्सिलने गोल मात्र नीट रंगवला.

निकाल जूनमध्ये विल्फ्रिडोच्या फोनवर आला. त्याने तो आधी शेवटपर्यंत वाचला, आणि मग असा ओरडला की शेजारची कोंबडी कुंपणावरून उडाली. "पास! माएस्त्रा, पास! ऐकण्यात तीसपैकी पंचवीस!" त्याने बाईंना उचलून स्वयंपाकघरात गरगर फिरवलं. "खाली ठेव मेल्या, कंबर मोडेल!" बाई ओरडत होत्या, हसत होत्या आणि रडतही होत्या.

दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्राचा कागद त्यांनी ओलाचेआंच्या टेबलावर ठेवला. ओलाचेआंनी तो दोनदा वाचला, उलटून मागची कोरी बाजूही पाहिली.

"अभिनंदन," ते पडेल आवाजात म्हणाले. "इंग्रजीचे तास तुमचेच. आमचा फाब्रिसिओ... त्याचं म्हणणं, परीक्षाच लबाड आहे. माणसं आधी एक बोलतात, मग दुसरंच."

"माणसं तशीच असतात, साहेब."

ओलाचेआंनी घसा खाकरला. टाय सैल केला. "डिसेंबरात परत बसणार आहे तो. तुम्ही जरा... म्हणजे वेळ असेल तर... शिकवाल का त्याला?"

"येऊ दे गुरुवारी पाचला," बाई म्हणाल्या. "पहिला महिना तो तोंड उघडणार नाही, एवढं सांगून ठेवा."

आणि त्या ताठ मानेने शेवटच्या वर्षाच्या वर्गात गेल्या. पंचेचाळीस पोरं उभी राहिली आणि नेहमीच्या सुरात इंग्रजीतून 'सुप्रभात, बाई' ओरडली. बाईंनी इंग्रजीतच उत्तर दिलं. मग खडूला हातच लावला नाही. इंग्रजीतून त्यांनी त्या पाववाल्याची गोष्ट सुरू केली, बापासकट, भट्टीसकट. कुठे अडखळल्या, कुठे वाक्य सुरू केलं एक आणि संपवलं भलतंच, तरी थांबल्या नाहीत.

शेवटच्या बाकावरून एक पोरगी भीत भीत स्पॅनिशमधून म्हणाली, "माएस्त्रा, तुम्हाला आज काय झालंय?"

बाईंनी तेही इंग्रजीतूनच सांगायला घेतलं, आणि सांगून होईपर्यंत घंटा झाली.