गोष्टीचं स्टूल

मी गोष्टीचं स्टूल बोलतोय. शिवणखात्यात, कापायचं टेबल आणि इस्त्री यांच्या मधल्या कोपऱ्यात माझी जागा. दिसायला मी काही देखणा नाही. उंच, चौकोनी, डोक्यावर रेक्झिनची गादी आणि तीही एका बाजूने फाटलेली. जी माझ्यावर बसते तिचा चेहरा मला दिसत नाही. पण ती बसते कशी ते कळतं, आणि माणूस ओळखायला तेवढं मला पुरतं.

माझा जन्म याच इमारतीच्या मागच्या आवारात झाला. मशीनं ज्या लाकडी खोक्यांतून आली त्यांच्या फळ्या पडून होत्या. सुताराने त्यातून मला ठोकून काढलं. घाईघाईत माझा एक पाय आखूड राहिला. "चालतंय," म्हणाला आणि हात झटकून गेला. जन्मभर डुगडुगायचं मला होतं, त्याचं काय जातंय!

आधी माझ्यावर चढून वरच्या फळीवरची दोऱ्याची रिळं काढायचे. पुढे शिडी आली आणि माझी रवानगी कोपऱ्यात झाली. माझ्यावर चिंध्यांची पोती ठेवत. वर्षानुवर्षं पोती घेऊन बसायचं आणि डोळ्यांदेखत हॉलमध्ये चाललेल्या हसण्याखिदळण्यात आपला काही वाटा नाही हे बघायचं, याचं दुःख ज्याने भोगलं त्यालाच ठाऊक.

एका दुपारी वीज गेली आणि सगळी मशीनं गपकन थांबली. इस्त्रीवाल्या काकूंनी पोतं खाली ढकललं, माझ्यावर बसल्या आणि मोबाईल काढून म्हणाल्या, "बसल्या बसल्या काय करता? ऐका, कप्तान आणि डॉक्टरिणीची एक झकास गोष्ट सापडलीय."

हे सांगायलाच हवं. आमच्या हॉलमधल्या झाडून सगळ्या बायका टीव्हीवरची एक बोटीची मालिका बघतात. त्यात एक डॉक्टरीण आहे. कप्तान तिच्यासाठी झुरतो, सुकाणूवालाही झुरतो, आणि मालिकावाले काही तिचं लग्न लावत नाहीत. मग बघणारेच आपापल्या मनासारखी जोडी जमवून गोष्टी लिहितात आणि मोबाईलवर टाकतात, टोपणनावाने. फॅनफिक म्हणतात त्याला. आमच्याकडे नुसतं 'गोष्ट' म्हणतात.

वीज आली तरी काकू उठल्या नाहीत आणि बाकीच्यांनी उठू दिलं नाही. तेव्हापासून जेवणाच्या सुट्टीत माझ्यावर बसून गोष्ट वाचायची प्रथा पडली. जिला गोष्ट आवडली तिने शिफारस करायची, तिनेच वाचायची, आणि वाचून झाल्यावर सगळ्यांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं. आधी तीन गोष्टी सांगायच्या: जोडी कोणती, रडू किती, आणि गोष्ट पूर्ण आहे की अपुरी. अपुरी गोष्ट आणायची नाही. कुणी आणलीच, तर उरलेली तिने तिथल्या तिथे स्वतःच्या मनाने सांगायची, असा दंड. गोष्ट पसंत पडली तर माझ्या आडव्या दांडीला त्या जोडीच्या रंगाचा दोरा बांधायचा. कप्तानाचा निळा, सुकाणूवाल्याचा लाल.

यावरून हॉलमध्ये दोन तट पडले. लाल तटाची पुढारी ओव्हरलॉकच्या मशीनवर कापडाच्या कडा शिवणारी लंबू. बोलायला लागली की मशीनपेक्षा जास्त आवाज. निळ्या तटाची पुढारी मावशी.

मावशी म्हणजे आमची मुख्य कापणारी. गळ्यात सदा कात्री, आणि जिभेला त्याहून जास्त धार. ती माझ्यावर कधी बसली नाही. टेबलाला टेकून उभी राहून ऐकायची आणि संपलं की एका वाक्यात गोष्टीचे दोन तुकडे करायची. सगळ्या तिला मावशी म्हणत, पण ती सख्खी मावशी होती फक्त बटणची.

बटण म्हणजे बटणं लावणारी पोर. चणीने लहान, म्हणून ते नावच पडलं. तिची आई गेली तेव्हा मावशीने तिला घरी आणलं, पोटच्या पोरीसारखं वाढवलं आणि स्वतःच्या लग्नाचं नाव पुन्हा काढलं नाही. हातात धरून शिवण शिकवलं. एक सवय तेवढी मोडता आली नाही. बटण दोरा दातानं तोडायची. "कात्री काय शोभेला दिलीय? दात झिजतील," मावशी रोज ओरडायची, आणि बटण रोज "हो" म्हणून पुढचा दोरा दातानंच तोडायची.

सुट्टीत बायका हात धुवायला गेल्या की बटण माझ्यावर बसून, पाय दांडीत अडकवून मोबाईलवर भराभर काहीतरी टाइप करी. मला वाटलं, मैत्रिणीशी गप्पा मारत असेल. मग एक दिवस काकूंनी तिला पकडलं.

"काय गं, कुणाला एवढं लांबलचक लिहितेस?"

"कुणाला नाही. गोष्ट लिहितेय. डॉक्टरीण आणि तारवाल्याची."

तारवाला म्हणजे बोटीवर बिनतारी यंत्र सांभाळणारा. मालिकेत तो कानाला यंत्र लावून कोपऱ्यात बसतो. दांडीवर त्याचा एकही दोरा नव्हता.

"त्या मुक्याची?" काकू म्हणाल्या. मग एकदम आवाज खाली आला. "म्हणजे... आपला मिस्त्री?"

आमचा मशीन दुरुस्त करणारा मिस्त्री. तोही असाच, तोंडातून शब्द काढायचा म्हणजे त्याला घाम फुटायचा.  माझ्या दांडीत बटणचे पाय घट्ट आवळले गेले.

"अगं, रविवारी त्या सुपरवायझरकडची माणसं तुझ्या लग्नाची बोलणी पक्की करायला येणार ना? मावशी तर सगळ्यांना सांगत सुटलीय, अगदी कप्तानासारखा जावई म्हणून."

"म्हणून तर लिहिली. शुक्रवारी वाचणार आहे. मावशीला ही जोडी पटली, तर घरी जाऊन तिला सगळं सांगेन. नाही पटली, तर गप्प बसेन आणि रविवारी होकाराची मान हलवीन."

"वेडी आहेस का? गोष्टीवर कुणी लग्न ठरवतं?"

"काकू, माझं बोलणं ती अर्ध्यावर तोडते. गोष्ट मात्र शेवटपर्यंत ऐकते."

 शुक्रवारपर्यंत माझा जीव टांगणीला लागला. मला काय, चार पाय आहेत पण पळता येत नाही, आणि सगळं माझ्यावरच घडणार होतं.

शुक्रवार उजाडला. सुट्टीची घंटा झाली, डबे उघडले. नेमका त्याच वेळी मिस्त्री लंबूच्या मशीनखाली आडवा होऊन काहीतरी ठोकत होता. बटण माझ्यावर बसली आणि तिने पाय दांडीत अडकवले.

"जोडी?" लंबूने विचारलं.

"डॉक्टरीण आणि तारवाला."

"कोण? तो?" हॉलभर कुजबुज झाली. लाल आणि निळे दोन्ही तट पहिल्यांदाच एका बाजूला झाले.

"रडू?"

"थोडं."

"गोष्ट पूर्ण आहे?" हा प्रश्न मावशीचा.

"पूर्ण आहे," बटण म्हणाली. आणि बसल्या जागी एका बाजूला कलली. माझा आखूड पाय टक्‌कन जमिनीला टेकला. एवढ्या वर्षांत मी हे शिकलोय, माझ्यावर बसून कुणी खोटं बोललं की तो पाय वाजतो. मावशीने मान जराशी वळवली. ऐकलं असावं तिने.

बटण वाचू लागली. कप्तानाने भर डेकवर डॉक्टरिणीला मागणी घातली आणि सगळ्या बोटीने टाळ्या वाजवल्या. डॉक्टरिणीने होकाराची मान हलवली. तेवढ्यात वादळ आलं. तारवाला रात्रभर यंत्रापाशी बसून इतर बोटींच्या हाका ऐकत राहिला आणि काच फुटून त्याचा हात चिरला. सगळ्यांच्या हाका ऐकणाऱ्या या माणसाला कुणीच हाक मारत नाही, हे डॉक्टरिणीला तेव्हा जाणवलं. हॉलमध्ये घास हातातच राहिले होते. मशीनखालची ठोकठोकही थांबली होती.

बटण पुढे वाचत गेली. "डॉक्टरिणीने त्याचा हात मांडीवर घेतला. बारीक उलटा टाका घालत जखम शिवली, शेवटी दुहेरी गाठ मारली, आणि दोरा दातानं तोडला."

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग लंबू फिसकन हसली.

"दातानं? जखमेवरचा दोरा? ही डॉक्टरीण आहे की शिंपीण?"

सगळा हॉल हसला. हसता हसता कुणीतरी थांबलं, मग दुसरी थांबली.

"अगं, थांबा," लंबू म्हणाली. "हे आपल्यातल्याच कुणीतरी लिहिलंय."

बायका एकमेकींच्या तोंडाकडे बघू लागल्या.  गादीची फाटकी कड बटणने अशी मुठीत धरली की माझा आणखी एक टाका उसवला. मावशी हसली नव्हती. तिच्या हातातली कात्री उघडीच राहिली होती.

"पुढं वाच," मावशी म्हणाली.

तिच्या आवाजावरून काही कळेना. बटणने कसंबसं वाचलं. वादळ शमलं, बंदर दिसू लागलं. वर डेकवर कप्तान पांढरा गणवेश घालून वाट बघत होता. खाली तारवाला सामान बांधून बसला होता. डॉक्टरीण जिन्यावर येऊन उभी राहिली.

"संपली," बटण म्हणाली.

"कुठं संपली?" मावशीने कात्री मिटली. "वर गेली की खाली?"

"ते ज्याचं त्याने समजायचं."

"इथं तसलं चालत नाही. गोष्ट अपुरी आहे आणि तू पूर्ण म्हणालीस. दंड माहीत आहे ना? सांग पुढचं."

 काकू इस्त्रीपाशी पदर चुरगाळत उभ्या होत्या.

"खाली गेली," बटण हळूच म्हणाली.

"कुणाला न सांगता? आणि तिची आत्या कुठंय? मालिकेत आत्या आहे, त्याच बोटीवर कोठी सांभाळते. हिला वाढवलं तिनं. तुझ्या गोष्टीत सगळी बोट आली, आत्या तेवढी नाही."

"आत्याला घेतलं असतं तर गोष्ट पुढं सरकली नसती."

"का?"

"ती नाही म्हणाली असती."

"हिने विचारलं एकदा तरी?"

"नाही."

"घाबरते? आत्या ओरडेल म्हणून?"

"ओरडली तर चालेल," बटण म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "आत्याने हिच्यासाठी सगळं सोडलं. तिनं आयुष्यात एकच मागितलं, आणि तेही हिने मोडलं, असं होईल ना."

 मला वाटलं, आता गोष्टीचे तुकडे पडणार, आणि पोरीचेही. मावशी सरळ माझ्यासमोर आली.

"ऊठ."

बटण उठली. आणि इतक्या वर्षांत कधी न बसलेली मावशी माझ्यावर बसली. दोन्ही पाय जमिनीला टेकवून, ताठ. मी जराही डुगडुगलो नाही.

"पुढचं मी सांगते. डॉक्टरीण वर गेली नाही, खालीही गेली नाही. आधी कोठीत गेली. आत्या म्हणाली, मला तुझा तारवाला पसंत नाही."

काकूंनी डोळे मिटून घेतले.

"आत्या म्हणाली, जो सगळ्यांचं ऐकतो आणि स्वतःचं एक अक्षर बोलत नाही, त्याच्याबरोबर तू जन्म कसा काढणार? त्याला इकडे पाठव. माझ्यासमोर उभं राहून बोलू दे त्याला. बोलला, तर कप्तानाला मी स्वतः नाही म्हणून कळवते."

"आणि नाही बोलला तर?" लंबूलाही राहवलं नाही.

"तर गोष्ट कप्तानाची."

सगळ्यांच्या नजरा लंबूच्या मशीनखाली गेल्या. आधी दोन पाय हलले. मग मिस्त्री सरपटत बाहेर आला आणि उभा राहिला. हाताला तेल, कपाळाला तेल. तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. एवढ्यात सुट्टी संपल्याची घंटा झाली. कुणी जागचं हललं नाही. मी मनात म्हणत होतो, अरे बोल, आत्ता नाही बोललास तर पुन्हा कुणी विचारणार नाही.

"मावशी," तो म्हणाला, "मशीन बिघडलेलं नसतं, तरी मी येतो. बिघडलंय असं सांगून. ते... हिच्यासाठी."

एवढंच. घामाने निथळत तो उभा राहिला.

"मला काय कळत नाही?" मावशी म्हणाली. "हिच्या शेजारच्या माझ्या कापायच्या मशीनला वर्षभरात काही झालेलं नाही, आणि तू ते सारखं उघडून बसतोस. रविवारी घरी ये. आणि येताना हात धुवून ये."

बटणने तोंडावर हात घेतला. काकू रडत होत्या, पण त्या कुठल्याही गोष्टीला रडतात.

मावशी उठली. फळीवरून पिवळ्या दोऱ्याचं रीळ काढलं, खाली वाकून माझ्या दांडीला दोरा गुंडाळला आणि दुहेरी गाठ मारली. गळ्यात कात्री लटकत होती. तिने दोरा दातानं तोडला.

आता मी म्हातारा झालोय. गादी बदलायला आलीय, एका खुराला वाळवी लागलीय. माझ्या दांडीवर निळे, लाल, पिवळे दोरे इतके झालेत की लाकूड दिसत नाही. मालिका कधीच बंद पडली. मालिकावाल्यांनी डॉक्टरिणीचं लग्न लावलंच नाही, आणि आमच्या हॉलमध्ये त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

परवा मिस्त्री करवत आणि लाकडाचा तुकडा घेऊन आला. माझा आखूड पाय सारखा करून देतो म्हणाला. बटण धावत आली. "राहू दे तो," म्हणाली. तिने का अडवलं ते तिला आणि मला ठाऊक.

माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. गादी बदला, खूर बदला, हवा तो रंग द्या. तो एक पाय तसाच ठेवा. आणि कधी माझ्यावर बसून गोष्ट सांगायची वेळ आली, तर ती पूर्ण आहे की अपुरी, ते आधी खरं सांगा.