बिननावाचा बहिष्कार

पेंटरची स्वतःविषयी दोन मते होती. आपल्यासारखे अक्षर काढणारा हात पंचक्रोशीत नाही, हे पहिले. आणि या हाताला जोडलेले डोके मात्र घाईघाईत बसवले गेले असावे, हे दुसरे. पहिले तो चारचौघांत सांगे, दुसरे एकांतात मान्य करी. त्या उन्हाळ्यात दुसऱ्या मताला भरभक्कम पुरावा मिळाला.

त्याची थोरली बहीण बिस्किटांच्या कारखान्यात पुडे भरण्याच्या कामावर होती. दिवसभर उभे राहून पायांचे खांब झाले, तेव्हा तिने आणि तिच्या सोबतिणींनी बसायला स्टुले मागितली. मालकाने त्यांना कायमचेच घरी बसवले. मग बायकांनी ठरवले, की आपल्याला परत घेईपर्यंत या कारखान्याचे बिस्किट वस्तीत कोणी विकत घ्यायचे नाही. घरोघर जाऊन सांगायचे काम त्यांनी उचलले. भिंत रंगवायचे पेंटरकडे आले. त्याने मजुरी नाकारली आणि स्वतःच्या त्यागाने स्वतःच गहिवरला.

चौकातल्या किराणा दुकानावरची भिंत वरच्या मजल्यावरच्या निवृत्त परिचारिकेची होती. उभे राहण्याचे दुःख तिला समजावून सांगावे लागले नाही. तिने भिंत तत्काळ दिली.

पेंटरने शिडी लावली आणि जन्मभराच्या सवयीने काम केले. कारखान्याचे नाव मोठे, लालभडक, पिवळ्या छटेने उठावदार. बाकी मजकूर खाली, जागा उरेल तसा. शेजारी एक बिस्किट काढून त्याला भट्टीतून नुकते निघाल्याची वाफ दिली. उरलेल्या वीतभर पट्टीत, राखाडी रंगात, ‘घेऊ नका’ असे लिहिले. मग समोरच्या पदपथावरून त्याने ते न्याहाळले आणि त्याला कडकडून भूक लागली.

तिथेच खरे तर सारे उमजायला हवे होते. पण पोटाने दिलेला इशारा कलावंताच्या डोक्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो.

काही दिवसांनी बहीण तणतणत त्याच्या खोलीत आली.

“कलाकार, तू कोणाच्या बाजूचा?”

“तुझ्याच की, ताई.”

“मग बिस्किटाला वाफ कशाला काढलीस?”

“त्याशिवाय ते जिवंत वाटत नव्हतं.”

“ते जिवंत झालं आणि आम्ही मेलो! दुकानात पुडे पुरत नाहीत. माझी पोर ती भिंत बघून माझ्याकडेच बिस्किटं मागते!”

“अगं, खाली स्पष्ट लिहिलंय...”

“खाली कोण बघतंय?” तिचा आवाज एकदम उतरला. “दोघीजणी कामासाठी परगावी निघाल्या रे. हे फसलं तर मलाही पोरीला घेऊन जावं लागेल. ते नाव आणि ते बिस्किट पूस. आजच.”

पेंटरपाशी उत्तम युक्तिवाद तयार होते. ते तिथेच ठेवून त्याने शिडी उचलली.

त्याने नाव पुसले, वाफेसकट बिस्किट पुसले. पण रिकामी भिंत त्याला सोसवेना. म्हणून उरलेले दोन शब्दच त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत, लालभडक रंगात ऐसपैस बसवले. त्या शब्दांच्या बरोबर खाली दुकानाचे दार आहे, ही क्षुल्लक बाब त्याच्या नजरेतून निसटली.

दुसऱ्या दिवशी दुकानदार त्याला दंडाला धरूनच चौकात घेऊन आला.

“अहो, काय वैर आहे आपलं? गिऱ्हाईक दारापर्यंत येतं, वर बघतं आणि माघारी फिरतं! एका आजींनी विचारलं, पिठात काही निघालं का म्हणून!”

पेंटर वर पाहून पांढराफटक पडला. “चुकलंच, शेठ. आत्ता कारखान्याचं नाव टाकतो,” म्हणत तो शिडीकडे धावला.

“थांब!” बहीण गर्दीतून पुढे आली. “शेठ, ते पुडे फळीवरून काढा. मग आम्ही बायका दारात उभ्या राहून सांगू, बाकी सगळं खुशाल घ्या.”

“ही जबरदस्ती झाली!”

“जबरदस्ती कसली? आम्ही तर कशाचं नावसुद्धा घेतलेलं नाही.”

दुपारपर्यंत पुडे माघारी गेले. बातमी पसरली. पेंटर एका केशकर्तनालयाची पाटी रंगवायला शिडी खांद्यावर घेऊन निघाला, तर वाटेतला चहावाला धावत आडवा आला: “आमच्याकडे ते बिस्किट नाही हो, आत येऊन बघा!” यानंतर पेंटर काम नसतानाही शिडी घेऊन फिरू लागला. एकामागून एका गल्लीतल्या फळ्या मोकळ्या होत गेल्या, आणि ही आपल्या प्रतिभेची दहशत आहे, असे तो मनोमन मानू लागला.

अखेर कारखान्याचा व्यवस्थापक आला. पेंटर केस सारखे करून पुढे झाला. व्यवस्थापक त्याला वळसा घालून बहिणीकडे गेला.

“उद्यापासून या सगळ्या. स्टुलांचं बघू.”

“बघू नाही, साहेब. आधी स्टुलं आत जातील, मग आम्ही.”

स्टुले गेली. कोऱ्या लाकडाची, अजून भुसा झटकलेला नाही अशी, हातगाडीवरून फाटकात शिरली. परगावी गेलेल्या दोघीही परतल्या होत्या. पेंटर डबा आणि कुंचला घेऊन धापा टाकत पोहोचला.

“ताई, प्रत्येकीच्या स्टुलाला वेगळा रंग देतो! नुसतं लाकूड कसं ओकंबोकं दिसतंय!”

“नको रे बाबा!” बहीण पहिले स्टूल दोन्ही हातांनी कवटाळत म्हणाली. “रंग वाळेपर्यंत आम्हाला परत उभं राहावं लागेल.”