उजव्या कानाशी

दारू सुटून वर्ष झालं की केंद्रात त्या माणसाचा वाढदिवस करतात. चेन्नईतल्या अण्णा नगरमधल्या त्या व्यसनमुक्ती केंद्राची ती पद्धतच होती. केक कापायचा, घरच्या कुणीतरी छातीवर पदक लावायचं आणि मग त्या माणसानं माईकसमोर दोन शब्द बोलायचे. मुरलीला पदक लावायचा मान त्याच्या आईनं, राजसबाईंनी, आधीच मागून घेतला होता. त्याच्या बायकोची, कौमुदीची, काही हरकत नव्हती.

"केंद्रातल्या त्या सुब्बानं नव्हे, माझ्या रामानं सोडवली," ऑटोत राजसबाई म्हणाल्या.

"दोघांनी मिळून सोडवली म्हणू या, अम्मा," कौमुदी म्हणाली.

मुरली मधे बसला होता. त्याचे ओठ हलत होते. दाढी करताना, बसमध्ये, जेवताना दोन घासांच्या मधे, तो सारखा रामनाम घेत असे. त्याचं घराणं तंजावरकडचं, पिढ्यान्‌पिढ्या रामदासी. त्यामुळे कुणाला यात वावगं वाटलं नव्हतं. तिरुवल्लिकेणीतल्या त्यांच्या घरी येणारी म्हातारी माणसं तर आता त्याच्या पाया पडायची. कौमुदी साताऱ्याची. तांबरमच्या कॉलेजात ती रसायनशास्त्र शिकवत असे. तिला हे जरा जास्त वाटायचं, पण दारू पिणारा नवरा आणि जप करणारा नवरा यांत तक्रार कशाची करायची?

सभागृहात सुब्बानं मुरलीला मिठी मारली. तो तिथला समुपदेशक, स्वतः एके काळचा पिणारा. "आला आमचा साधू! अरे, केक खाताना तरी रामाला सुट्टी दे."

सगळे हसले. मुरलीही हसला. राजसबाईंनी पदक लावलं आणि पदरानं डोळे टिपले. मग मुरली माईकसमोर गेला.

"सगळे विचारतात, इतका जप का करतोस," तो शांतपणे म्हणाला. "माझं तोंड थांबलं की तो माणूस बोलायला लागतो. प्यायलो की त्याचा आवाज बारीक व्हायचा. पिणं सोडल्यापासून तो दिवसभर बोलतो. हल्ली म्हणतो, गच्चीचा कठडा बुटका आहे, जाऊन बघ."

कुणीतरी टाळी वाजवली आणि ती मधेच थांबली. सुब्बानं घाईनं माईक हातात घेतला. "मन असंच असतं बरं का, सगळ्यांचंच. मनाचं ऐकायचं नाही!"

कौमुदी उठून उभी राहिली होती. आपण कधी उठलो हे तिला कळलं नव्हतं.

"मुरली, तो कोण?"

"माहीत नाही. पुरुष आहे. तमिळ बोलतो."

"कुठून?"

"इथून." त्यानं उजव्या कानाशी बोट नेलं. वर्गात एखाद्या मुलानं सोपं उत्तर द्यावं, तसं.

तिला एकेक आठवू लागलं. रस्त्यानं चालताना तो नेहमी तिला आपल्या उजव्या हाताला घ्यायचा. झोपायचा तो उजवा कान उशीत दाबून. ही त्याची नुसती सवय आहे, असं ती लग्नापासून समजत आली होती. तो तर तिला कुणाच्या तरी आणि आपल्या मधे उभं करत होता.

बाहेर व्हरांड्यात तिनं सुब्बाला गाठलं. "त्यानं तुम्हाला कधीच सांगितलं नव्हतं?"

"सुरुवातीला म्हणाला होता. दारू सुटताना असं होतं काहींना, मॅडम. जातं आपोआप."

"गेलं नाही ना. औषध?"

"वेड्यांच्या गोळ्या? त्यापण नशाच. इथे गेटवरच काढून घेतो आम्ही. वर्ष झालंय त्याला, मातीत घालू नका."

"आणि डॉक्टर?" तिनं मागोमाग आलेल्या मुरलीकडे वळून विचारलं.

"गेलो होतो, लग्नाआधी. त्यांना वास आला. म्हणाले, आधी दारू सोड, मग ये." त्यानं छातीवरच्या पदकाकडे पाहिलं. "सोडली तेव्हा इथले म्हणाले, आता डॉक्टर कशाला?"

राजसबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. "अय्यो कण्णा, माझ्या बाळा," त्या पुटपुटल्या, "आणि मी सगळ्यांना बोलावून तुझा जप ऐकवत होते."

त्या दिवसभर कौमुदीनं गच्चीच्या दाराची किल्ली कमरेला खोचून ठेवली आणि फोन केले. एक जण म्हणाले, व्यसनाचं आम्ही बघत नाही. दुसरीकडे म्हणाले, डोक्याचं बघत नाही. शेवटी मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विजयालक्ष्मी फोनवर भेटल्या. त्या म्हणाल्या, "दोन्ही एकाच माणसाला झालंय ना? मग दोन्ही एकत्रच बघायचं. उद्या सकाळी आणा."

सकाळी त्यांच्या खोलीत मुरली बसला. ओठ हलतच होते. डॉक्टरांनी आधी दारूचं विचारलं, मग आवाजाचं, मग पुन्हा दारूचं. "औषध सुरू झालं की पुन्हा प्यावंसं वाटेल, अशी भीती आहे?"

"आहे."

"म्हणून तेही इथेच बोलायचं. केंद्रातल्या बैठका सोडू नका, सुब्बांशी मी बोलते." त्यांनी एक गोळी त्याच्यासमोर ठेवली. "ही नशेची नाही. आता जरा जप थांबवाल?"

मुरलीनं आईकडे पाहिलं. राजसबाईंनी खुर्ची ओढून त्याच्या उजव्या बाजूला घेतली. "तू थांब रे. मी म्हणते."

त्याचे ओठ थांबले.

कौमुदीनं त्याचा तो चेहरा कधी पाहिला नव्हता. मान थोडी उजवीकडे वळली आणि डोळे स्थिर झाले. खोलीत राजसबाईंच्या पुटपुटण्याखेरीज आवाज नव्हता, आणि मुरली भलतंच काहीतरी ऐकत होता. मधेच त्यानं मान हलवली. बोलणं चालू असताना ऐकणारा हलवतो, तशी. ती त्याच्याबरोबर एका घरात राहत होती आणि त्या घरात कितीजण राहतात हे तिला माहीत नव्हतं.

"काय म्हणतोय?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्हणतो, ऊठ. ही गोळी घेतलीस तर बघ."

"आणि तुम्ही?"

त्यानं खुर्चीचे हात घट्ट धरले. राजसबाईंचा जप अडखळला आणि पुन्हा सुरू झाला.

"बसतो," मुरली म्हणाला. "पाणी द्या."