एकही चूक न काढलेलं पुस्तक

माझी ख्याती वाईट आहे आणि मला ती आवडते. भद्रावतीच्या एका शाळेत मी गणित शिकवते, आणि सुट्टीच्या दिवशी मोहिमांच्या पुस्तकांत चुका काढते. मोहीम म्हणजे खेळायची गोष्ट. टेबलाभोवती पाच-सहा जण बसतात, एक जण पुस्तक बघून गोष्ट चालवतो, बाकीचे तिच्यातली माणसं होतात, अडलं की फासे टाकतात. ही पुस्तकं कुठला प्रकाशक छापत नाही. लिहिणारेच छापतात, लिहिणारेच पोस्टानं पाठवतात, आणि मित्र 'भारी' म्हणाले की खूश होतात. 'भारी' या शब्दानं आजवर एकही पुस्तक सुधारलेलं नाही. म्हणून मी ब्लॉगवर सरळ लिहिते, की या पानावर खेळणारे अडकतील, त्या पानावरच्या माणसाला खोटं बोलायचं काही कारणच नाही.

पुण्याच्या एका मुलाच्या पुस्तकात मी सतरा चुका काढल्या होत्या. महिनाभर तो फुगून बसला. मग त्यानं सगळ्या दुरुस्त करून दुसरी आवृत्ती काढली. आज ती मोहीम गावोगावी खेळतात. पहिल्याच पानावर माझे आभार आहेत, आणि ते पान मी कुणाला दाखवत नाही असं नाही.

लालसू गडचिरोली डेपोत कंडक्टर आहे. चंद्रपूरला आमचा खेळणाऱ्यांचा छोटा गट आहे, तिथे तो दोन वर्षांपूर्वी आला. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, मला बाई म्हणायचा. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात बसून त्यानं एक मोहीम लिहिली, गडचिरोलीतच छापून घेतली, आणि पहिली प्रत मला पाठवली. आत चिठ्ठी होती: "बाई, चुका काढा. कमी निघाल्या तं मले राग येईन."

गोष्ट सावली तालुक्यातल्या एका गावाची होती. गावाच्या जंगलहक्काचा जुना कागद कुणीतरी दडवून ठेवलाय आणि तीन दिवसांत तो सापडला नाही तर जंगल जाणार. मनकर्णा नावाची म्हातारी मरता मरता एवढंच सांगते, "कागद मामाच्या पाळीत हाय." मी दोन बैठकींत वाचून काढलं. माणसं अशी बोलत होती की मला वाचताना मध्येच हसू येत होतं.

आणि बाराव्या पानावर माझी पेन्सिल थांबली. आमच्याकडे मालगुजारांच्या वेळचे तलाव आहेत. सरकारी कागदात ते 'माजी मालगुजारी', आणि त्याची पहिली अक्षरं जोडून झाले 'मामा तलाव'. इथलं शेंबडं पोरही सांगेल की मामा म्हणजे तलाव आणि पाळ म्हणजे त्याचा बांध. पण आमच्या पट्ट्याबाहेर मामा म्हणजे आईचा भाऊ. पुस्तकात तलावाचं चित्र नव्हतं, दुसरा कुठला धागा नव्हता. ते एक वाक्य कळलं नाही की मोहीम तिथेच ठप्प. मी समासात फुली मारली.

आणि ब्लॉगवर त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. मनाशी म्हटलं, आपल्या भागातलं पहिलंच पुस्तक आहे, बिचाऱ्या आदिवासी पोरानं बसमध्ये उभं राहून दिवस काढून लिहिलंय, कशाला त्याचा हिरमोड करायचा? मी भरभरून लिहिलं. शीर्षक दिलं, 'जंगलातून आलेला अस्सल आवाज'. आता ते शीर्षक आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

माझं नाव वाचून लोकांनी विश्वास ठेवला, कारण मी उगाच कुणाचं कौतुक करत नाही. नाशिकच्या खेळणाऱ्यांनी आपल्या मेळाव्यात तीच मोहीम निवडली. लालसूनं रजा टाकली आणि स्वतः बघायला गेला. खेळ चालू असताना लेखकानं बोलायचं नसतं, म्हणून तो मागच्या खुर्चीवर गप्प बसला. पाच जण अडीच तास मामा शोधत होते. म्हातारीचा भाऊ कोण, भाच्याचं लग्न कुणाशी झालं, सगळी चौकशी केली. शेवटी एका भल्या शेतकऱ्याला मामा ठरवून बांधून घातलं आणि त्याची म्हैस पळवली, कारण पाळीत म्हणजे पाळलेल्या जनावरांत असा अर्थ कुणीतरी काढला. हॉल हसून लोळत होता. कुणीतरी त्याचं चित्रीकरण फोनवर फिरवलं. जंगल वाचलंच नाही. पुढची तीस पानं, ज्यांत लालसूचा सगळा जीव होता, कुणी उघडलीच नाहीत.

मी फोन केले, त्यानं उचलले नाहीत. रविवारी गडचिरोलीला गेले. डेपोत तो चहा पीत उभा होता. मला बघून त्यानं माझ्यासाठीही चहा सांगितला.

"बाई, एक इचारू?" तो म्हणाला. "ते मामाचं तुमाले दिसलं नोतं काय?"

खोटं बोलणं सोपं होतं. मीही इकडचीच, मलाही मामा म्हणजे तलावच, असं म्हटलं असतं तर त्यानं मानलं असतं.

"दिसलं होतं," मी म्हणाले.

"मंग लिहिलं काऊन नाई?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"पुण्याच्या पोट्ट्याले वाईट वाटलं नसन?" त्याचा आवाज अजिबात चढला नव्हता. "त्याच्या सतरा काढल्या. मी मोजल्या होत्या, बाई. मले वाटे, माह्या वीस निघतीन. मंग मी बी एक एक करून सुधरवीन. त्याले तुमी बरोबरीचा समजल्या. मले काय समजल्या?"

कॉलेजात माझ्या निबंधाला पैकीच्या पैकी मार्क देऊन एक प्राध्यापक सगळ्यांसमोर म्हणाले होते, "तुमच्या वस्तीतल्या मुलीनं एवढं लिहिलं, हेच पुष्कळ आहे." आम्ही बौद्ध, वस्ती कुठली ते वर्गाला माहीत होतं. त्या मार्कांची मला अजून शिसारी येते. आणि हे सगळं ठाऊक असूनही मी लालसूच्या हातावर तसलेच मार्क ठेवले होते.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "दुसरं लिहितोयस ना? दे मला. एक अक्षर सोडणार नाही."

"लिहिलं होतं," तो म्हणाला. "अर्धं झालं होतं. आता तुमी चुका काढल्या तरी मले वाटन, बाईले वाईट वाटलं म्हणून काढून राह्यल्या. चांगलं म्हटलं तरी खोटं वाटन. दुसरं कोन वाचते माह्यं? खरं सांगणारं एकच माणूस होतं माह्याजवळ."

त्याच्या गाडीची वेळ झाली. चंद्रपूरची तीच गाडी होती, मलाही तिनंच परतायचं होतं. मी खिडकीपाशी बसले. गाडी डेपोबाहेर पडली, तो पुढून एकेक तिकीट फाडत मागे येऊ लागला. पुढच्या सीटवरच्या म्हातारीला त्यानं "कुठी जातं वो माय?" विचारलं, तिच्या गाठोड्याला हात लावून ते आत सरकवलं. मी मनात शब्द जुळवत होते. प्रवास दोन तासांचा, मागची सीट रिकामी, त्याला बसवून घेईन, पुन्हा सांगेन.

तो माझ्यापाशी आला. मशीन हातात धरून, शाळेत शिकवतात तसल्या स्वच्छ मराठीत त्यानं विचारलं,

"आपल्याला कुठे जायचं आहे, मॅडम?"