यादीतली विभा

फोन दुपारी यायचे, अडीच-तीनच्या सुमाराला. रेल्वे कॉलनीत सगळीकडे सामसूम असायची. कूलरच्या गवताचा ओला वास खोलीभर पसरलेला असायचा, आणि गौतमी तायडे ना धड झोपलेली, ना धड जागी. अशा वेळी उशाशी ठेवलेला मोबाइल थरथरायचा आणि पलीकडून एखादी मुलगी गोड आवाजात विचारायची, "मॅडम, आपका बेबी कैसा है?"

गौतमीला बेबी नव्हतं.

ती आणि विशाल मूळचे अकोल्याचे. दोन हजार चार साली विशालची बदली जयपूरला झाली. तो रेल्वेत सेक्शन इंजिनियर, दिवसदिवस रुळांवर असायचा. पुढच्या वर्षी गौतमीला दिवस गेले. परक्या गावात माहेरचं, सासरचं कुणी नाही. तेव्हा मरुवाणी नावाच्या मोबाइल कंपनीनं एक योजना काढली होती. बाळंतपणाची तारीख कळवायची, मग दर सोमवारी बाळाबद्दल एक मेसेज फुकट. गौतमीनं अकरा मार्च ही तारीख कळवली. त्यानंतर तिचे सोमवार बदललेच. या आठवड्यात बाळाच्या भुवया उमटल्या. या आठवड्यात बाळाला तुमचा आवाज ऐकू येतो. ती मेसेज वाचायची आणि पोटावर हात ठेवून वऱ्हाडीत काहीबाही बोलत बसायची.

जानेवारीत, दाट धुक्याच्या एका सकाळी, बाळ हलेनासं झालं.

"लडकी थी," नर्स म्हणाली. गौतमीला नीट शुद्ध आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. विशाल आणि कॉलनीतले वयस्कर शामराव दोघं जाऊन आले होते. विशालच्या चपलांना लाल माती लागलेली होती. तिनं काही विचारलं नाही. त्यानं काही सांगितलं नाही. दुसऱ्या आठवड्यात तो पुन्हा रुळांवर गेला आणि घरात तो विषय मिटला.

मेसेज मात्र थांबवायचे राहून गेले. राहून गेले, असं ती स्वतःला सांगायची. सोमवार येत राहिले, बाळ वाढत राहिलं, आणि अकरा मार्चला फोनवर अक्षरं उमटली : बधाई हो!

त्यानंतर ते फोन सुरू झाले. दूध पावडरवाले, विमेवाले, बाळाचे फोटो काढणारे. पहिल्या वेळी गौतमीनं फोन ठेवून दिला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दुसऱ्या वेळीही ठेवला. तिसऱ्या वेळी पलीकडच्या मुलीनं विचारलं, "बेटा है या बेटी?" आणि गौतमीच्या तोंडून निघून गेलं, "बेटी."

एवढंच. पण पुढच्या फोनवाल्याला ते आधीच ठाऊक होतं. "बिटिया बैठने लगी क्या?" त्यानं विचारलं.

गौतमीनं हिशेब केला. सहा महिने. "हो," ती म्हणाली, मग सावरून, "हाँ जी, बैठने लगी."

आता दुपारी डोळे मिटले की तिला दिसायचं. फरशीवर उन्हाचा एक चौकोन पडलेला आणि त्या चौकोनात बसलेली एक मुलगी. तोंड दिसायचं नाही, पाठच दिसायची. बाहेर कुठंतरी मोर ओरडायचा, तशी ती मुलगी मान वळवायला लागायची, आणि गौतमीला जाग यायची. चेहरा काही दिसायचा नाही. तरी दिवसभर अंगात एक ऊब राहायची.

त्या हिवाळ्यात जयपूरच्याच झालाना भागातल्या एका ऑफिसातून जयंती नावाच्या मुलीचा फोन आला. खेळण्यांची कंपनी. "पहले बर्थडे का कार्ड भेजेंगे, मॅडम. बिटिया का नाम?"

"विभा," गौतमी म्हणाली. ते नाव कुठून आलं, तिलाही कळलं नाही. फोन ठेवल्यावर तिनं ते दोनदा मोठ्यानं उच्चारून पाहिलं.

कार्ड मार्चमध्ये आलं. त्या दिवशी विशाल घरी होता, आणि पोस्टमनच्या हातून त्यानंच ते घेतलं. कुमारी विभा विशाल तायडे. आत फुगे घेतलेलं अस्वल. तो दारातच उभा राहिला. त्याचे कान लाल झाले होते.

"हे काहून आलं? कोणी पाठवलं?"

"कंपनीनं," गौतमी म्हणाली. "फोन येतात त्यांचे."

"कधीपासून?"

"वर्ष झालं."

"आन् तू मला सांगितलं नाही? आपल्या मेलेल्या पोरीचं हे लोक नाव ठेवतात! दुकान मांडलं का त्यांनी?"

नाव कुणी ठेवलं, हे तिनं तेव्हाही सांगितलं नाही.

विशाल एरवी कुणाशी भांडणारा माणूस नव्हता. पण त्या रात्रीच्या जेवणाआधीच त्यानं अर्ज लिहायला घेतला. ग्राहक मंचात वकील लागत नाही, एवढी चौकशी त्यानं करून ठेवली. मरुवाणीनं आमची खाजगी माहिती आम्हाला न विचारता दुसऱ्यांना विकली, असा अर्ज. मग तारखा सुरू झाल्या. तो रजा टाकून जायचा, पुढची तारीख घेऊन परत यायचा. "फोन आला तर उचलू नको," असं त्यानं बजावून ठेवलं होतं. गौतमी उचलायची. विभा चालायला लागली होती. विभाला दात आले होते.

वर्षभरानंतर, एप्रिलच्या उन्हात, गौतमीला साक्षीला बोलावलं. मंचाच्या अध्यक्ष एक पिकल्या केसांच्या बाई होत्या. कंपनीचा वकील तरुण, सफाईदार होता. त्यानं एक कागद पुढं केला.

"तक्रारदार म्हणतात, मुलीचं नाव कंपन्यांनी बनवलं. मॅडम, ही खेळणी कंपनीची नोंद आहे. मुलगी असल्याचं, तिचं नाव, सगळं यांनी स्वतः, राजीखुशीनं सांगितलंय. मग तक्रार कसली?"

विशालनं गौतमीकडे पाहिलं. पंखा फिरत होता. तिला वाटलं, आपण पाण्याखाली बसलोय आणि माणसं वरून बोलतायत.

"हे खरं आहे?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"खरं आहे," गौतमी म्हणाली. ती हिंदीत बोलत होती, सावकाश, शब्द शोधत. "नाव मीच सांगितलं. घरात तिच्याबद्दल कुणी बोलत नव्हतं. हे लोक विचारायचे. ती बसते का, रांगते का, विचारायचे. म्हणून मी सांगत गेले. पण मी पोटुशी आहे, हे मी एकाच ठिकाणी सांगितलं होतं, सोमवारच्या मेसेजसाठी. बाकीच्यांना ते कुणी सांगितलं? आणि ती गेली, हे मात्र कुणालाच कसं कळलं नाही?"

वकील काही बोलणार, तेवढ्यात अध्यक्षबाईंनी तो कागद उचलला. चष्मा खाली ओढून त्यांनी तो दोनदा वाचला.

"वकीलसाहेब, ही नोंद खेळणी कंपनीची. तुम्ही मोबाइल कंपनीकडून उभे आहात. ती तुमच्या फाइलीत कशी आली?"

वकिलानं मागे बसलेल्या कंपनीच्या माणसाकडे पाहिलं. त्या माणसानं मान खाली घातली. दोन्ही कंपन्यांमधली देवाणघेवाण उघडी पडली, आणि निकाल तिथंच लागल्यासारखा झाला.

घरी आल्यावर विशाल पाणी प्यायला, त्यानं माठावर झाकण ठेवलं आणि तिच्याकडे पाठ करून म्हणाला, "मी बोलत नव्हतो, हे खरं हाय."

मे महिन्यात मंचात आदेश वाचून दाखवला. मरुवाणीला पन्नास हजार रुपये दंड, तो सरकारच्या ग्राहक निधीत भरायचा. तायडे कुटुंबाला दहा हजार भरपाई. आणि ही माहिती कंपनीच्या आणि तिनं जिथं जिथं दिली तिथल्या सगळ्या याद्यांमधून कायमची पुसून टाकावी.

विशालनं सुस्कारा सोडला. गौतमी मात्र उभी राहिली.

"पुसायच्या आधी मला एकदा बघता येईल?"

वकील म्हणाला, "मॅडम, हा कंपनीचा अंतर्गत—"

"कंपनीचा कसा?" अध्यक्षबाई म्हणाल्या. "माहिती या बाईंची आहे. कागद त्यांना द्या."

तो एकच कागद होता. नाव : विभा. जन्म : अकरा मार्च दोन हजार सहा. वय : दोन वर्षं दोन महिने. आवड : खेळणी, चित्रांची पुस्तकं. पुढे : नर्सरी प्रवेश. गौतमीनं तो वाचला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. परत कुणी मागितला नाही.

बाहेर ऊन पांढरंफटक पडलं होतं. रस्ता लांबवर वितळून हलत होता, त्यातून एक उंटगाडी जमिनीला न टेकता आल्यासारखी आली आणि गेली. स्कूटरजवळ विशाल किल्ली हातात घेऊन थांबला.

"कशी होती ती?" त्यानं विचारलं.

"कोण?"

"विभा."

ती दचकली. त्याच्या तोंडून ते नाव पहिल्यांदाच येत होतं. मग ती सांगायला लागली. उन्हाच्या चौकोनात बसते. मोर ओरडला की मान वळवते. चालायला उशिरा लागली, पण पडली नाही. कुलूप लागलेल्या एका दुकानाच्या पायरीवर दोघं बसले, आणि ती बराच वेळ बोलत राहिली.

"तोंड काही दिसलं नाही मला," शेवटी ती म्हणाली. "कधीच नाही."

विशाल त्या किल्लीकडे पाहत होता. "मी पाहिलं हाय," तो म्हणाला. "कपाळ तुझ्यासारखं होतं. मोठं. केस होते, दाट, ओले. हनुवटी माझ्या मायसारखी. शामरावांनी कपडा झाकला तर मी पुन्हा काढून पाहिलं. झोपल्यासारखी होती, गौतमी. रुसल्यासारखी नाही. नुसती झोपलेली."

गौतमी रडली नाही. ती डोळे मिटून ऐकत होती, आणि एकेक गोष्ट जागच्या जागी बसत होती. कपाळ, केस, हनुवटी.

"कुठं ठेवलं तिला?"

"आदर्श नगरला, स्मशानाच्या मागच्या कुंपणापाशी. खेजडीचं झाड हाय तिथं. मी जातो कधीमधी. ड्युटीवरून येताना."

"मला सांगितलं नाही."

"नाही सांगितलं."

ती उठली, साडी झटकली आणि पदर डोक्यावर घेतला. "चला," ती म्हणाली. "दाखवा मला."

विशालनं स्कूटरला किक मारली. दुसऱ्या किकला ती सुरू झाली.